चार वर्षांची मुलगी, बाबांचे हात आणि एक्झिमा: मलम किती, कुठे, किती दिवस

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी चार वर्षांची, आठव्या महिन्यात गालांपासून सुरू झालं, आता कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यांच्या मागे खाज, रात्री झोपेत इतकं खाजवते की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं की चार दिवसांत बरं वाटतं, बंद केलं की परत तेच, आणि त्यात स्टेरॉइड आहे हे कळल्यापासून तुम्ही ते लावायलाच घाबरताय. सासूबाई म्हणतात दूध-अंडी बंद करा. मिस्टर सीएनसी मशीनवर (कॉम्प्युटरवर चालणारं, धातू कापणारं मशीन) काम करतात, त्यांच्या हातांना भेगा पडल्यात, त्यामुळे हे एकमेकांना लागतंय का असंही विचारलंय. मी बरीच वर्षं स्किनची ओपीडी बघतेय, साधारण अशीच गोष्ट घेऊन येणारी माणसं कायम भेटतात, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. फोटोवरून आणि वर्णनावरून प्रिस्क्रिप्शन देता येत नाही, ते तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, पण काय विचारायचं आणि घरी काय करायचं ते नक्की सांगते.

आधी भीती घालवू. एक्झिमा लागत नाही. एका टॉवेलने नाही, एका अंथरुणात झोपून नाही, शाळेत हात धरून नाही. मुलीला जो आहे (तुम्ही सांगताय त्यावरून तरी) तो अ‍ॅटॉपिक डर्मटायटिस, म्हणजे जन्मतःच कोरडी आणि कच्ची स्किन. आपल्या त्वचेच्या वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन असतं, ते थर घट्ट धरून ठेवतं आणि ओलावा टिकवतं. 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांच्या गटाने दाखवून दिलं की या प्रोटीनच्या जीनमध्ये दोष असेल तर एक्झिमाची शक्यता बरीच वाढते. प्रत्येकात हाच दोष सापडतो असं नाही, पण चित्र समजायला पुरेसं आहे: आतलं पाणी उडून जातं, बाहेरून साबण, धूळ, जंतू आत शिरतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा भडकते, खाज सुटते, मूल खाजवतं, आणि खाजवल्याने ती आधीच कच्ची असलेली स्किन अजून फाटते. म्हणून घरात कुणाला लहानपणी दमा, सतत शिंका, डोळे खाजणं असं होतं का हे आम्ही विचारतो. मिस्टरांना विचारा, त्यांच्या आईला जास्त आठवत असेल.

निदानासाठी रक्त तपासणी लागत नाही हो. आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित रक्तातलं प्रोटीन) किती आलं याचा रिपोर्ट घेऊन लोक येतात आणि त्या आकड्यानेच घाबरलेले असतात, पण एक्झिमा हा डोळ्यांनी आणि प्रश्न विचारून ओळखायचा आजार आहे. खाज पाहिजेच, खाज नसेल तर मी एक्झिमा म्हणतच नाही. मग जागा बघायची: तान्ह्या बाळाला गाल, कपाळ, हातापायांची बाहेरची बाजू (आणि लंगोटाची जागा मात्र बहुतेक वेळा साफ), मोठं झालं की कोपर, गुडघ्यामागे, मान, मनगट, घोटे, आणि मोठ्या माणसात हात, पापण्या, मान. दोन वर्षांच्या आत सुरुवात, वर्षभर कोरडी राहणारी स्किन, घरात दमा-अ‍ॅलर्जी, हे जुळलं की निदान झालंच समजा. एक गोष्ट आपल्याकडच्या आयांना कुणी सांगत नाही, की नेटवर गोऱ्या मुलांचे जे लालबुंद फोटो दिसतात तसं आपल्या रंगावर दिसत नाही. आपल्याकडे ते करडं, जांभळट, तपकिरी दिसतं, कधी नुसते बारीक खडबडीत दाणे असतात, त्यामुळे "लाल कुठंय, थोडंसंच आहे" म्हणून आजार कमी लेखला जातो. बरं होताना तिथे फिकट डाग राहतात. ते कोड नव्हे, जंतही नव्हेत, कॅल्शियमची कमतरताही नव्हे, आणि बहुतेक वेळा मलमामुळेही नसतात. सूज उतरल्यावर रंग परत यायला काही महिने लागतात, एवढंच.

पण दोन गोष्टी मी दरवेळी तपासून बाजूला काढते. एक खरूज. घरात अजून कुणाला रात्री खाज सुटते का, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, काखेत बारीक पुटकुळ्या आहेत का, मुलगा असेल तर लघवीच्या जागी गाठी आहेत का, तान्ह्या बाळाच्या तळपायावर फोड आहेत का. असेल तर एक्झिमाची मलमं महिनोन्महिने लावून उपयोग नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री पर्मेथ्रिन (खरजेचं मलम) लावायचं आणि आठवड्याने परत. दुसरं गजकर्ण. कड उठलेली, मध्ये साफ होत जाणारी गोल चकंदळं, आणि सध्या तर लहान मुलांनाही खूप दिसतात कारण घरात कुणाला तरी असतं. गजकर्णावर स्टेरॉइड लावलं तर दोन दिवस खाज थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. शंका असेल तर पापुद्रा खरवडून काचेवर बघायची साधी टेस्ट असते, पाच-दहा मिनिटांची, तशी डॉक्टरांना विनंती करा.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या मुलीचं जे चाललंय, चार दिवस बरं आणि मग परत, त्यात माझ्या मते मलम चुकीचं असण्याची शक्यता कमी आणि माप चुकीचं असण्याची जास्त. भीतीने आपण मुगाएवढं मलम घेतो, चोळून चोळून सगळीकडे पुरवतो, खाज थांबली की लगेच बंद करतो. आत सूज तशीच असते, ती आठवड्यात परत वर येते, आपण म्हणतो औषधाची सवय लागली. आणि याच घरात मोठी माणसं जांघेतल्या खाजेला मेडिकलमधून आणलेली ट्यूब महिनोन्महिने बिनधास्त लावत असतात. जिथे लावायला हवं तिथे भीती आणि जिथे लावू नये तिथे बेफिकिरी, आणि दोन्हीचं कारण एकच, किती, कुठे आणि किती दिवस हे कुणी नीट बसून सांगितलेलंच नसतं.

तर माप असं. मोठ्या माणसाच्या, म्हणजे तुमच्या, तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक सरळ रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि मोठ्या माणसाचे दोन तळहात बोटांसकट जेवढी जागा झाकतात तेवढ्या जागेला ते पुरतं. आता आपला तळहात मुलीच्या कोपरांवर, गुडघ्यांमागे ठेवून बघा, सगळे चट्टे मिळून किती तळहात भरतात. दोन भरत असतील तर एक रेघ, चार भरत असतील तर दोन. पातळ चमकदार थर दिसला पाहिजे, चोळून जिरवायचं नाही. दिवसातून एकदा बहुतेक वेळा पुरतं. किती दिवस? खाज थांबेपर्यंत नाही, तर डोळे मिटून बोट फिरवल्यावर ती जागा शेजारच्या चांगल्या स्किनसारखी मऊ लागेपर्यंत. सहसा एक ते दोन आठवडे, जुना जाड झालेला चट्टा असेल तर थोडं जास्त, आणि दोन आठवड्यांत काहीच फरक नाही तर परत दाखवायचं, मनाने वाढवत न्यायचं नाही.

कुठे कोणतं, हेही महत्त्वाचं. चेहरा, मान, काख, जांघ इथली स्किन पातळ, तिथे सौम्य, हायड्रोकॉर्टिसोन किंवा डेसोनाइडसारखं, तेही थोडे दिवस. हातापायांवर मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनसारखं मध्यम चालतं. क्लोबेटासॉल हे फार स्ट्राँग आहे, लहान मुलाच्या घडीत किंवा चेहऱ्यावर ते नकोच. आणि ज्यांना वारंवार त्याच जागी येतं त्यांच्यासाठी एक पद्धत आहे जी मी आवर्जून वापरते: पूर्ण साफ झाल्यावरही त्या नेहमीच्या जागांवर आठवड्यातून दोनच दिवस, समजा बुधवार आणि रविवार, मलम चालू ठेवायचं काही महिने. याने एकूण मलम कमी लागतं. याच कामासाठी टॅक्रोलिमस नावाचं स्टेरॉइड नसलेलं मलम पण आहे, दोन वर्षांवरच्या मुलांना 0.03 टक्के, चेहरा आणि पापण्यांना छान, फक्त पहिले काही दिवस जळजळतं. हे आधी माहीत नसलं की लोक तिसऱ्याच दिवशी फेकून देतात, म्हणून सांगून ठेवते.

स्टेरॉइडची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. चेहऱ्यावर स्ट्राँग स्टेरॉइड महिनोन्महिने लावून लाल, जळजळणारे, केस आलेले चेहरे, जांघेत कायमचे स्ट्रेच मार्क्स, हे मी पाहते आणि फार वाईट वाटतं. पण ते बहुतेक वेळा "एक ट्यूब द्या हो" म्हणून विकत घेतलेल्या, स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं तिन्ही एकत्र असलेल्या मलमांनी झालेलं असतं. 2018 मध्ये सरकारने बऱ्याच स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा, नावाच्या शेवटी "सोन" किंवा "सॉल" असं दिसलं तर मेडिकलवाल्याला नाही, डॉक्टरला विचारा. आणि बिनलेबलच्या डबीतलं, "शंभर टक्के नैसर्गिक" म्हणून मिळणारं मलम दोन दिवसांत जादू करत असेल तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा संशय घ्यायलाच हवा.

मलम आग विझवतं, पण आग परत लागू नये म्हणून जे करायचं ते मॉइश्चरायझर, आणि इथेही माप चुकतं. चार वर्षांच्या मुलाला अंगभर दिवसातून दोन-तीनदा लावायचं तर आठवड्याला दीडशे ते अडीचशे ग्रॅम लागतं, मोठ्या माणसाला अर्धा किलोपर्यंत. पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरते म्हणणारे पालक भेटले की मला कळतं गडबड कुठे आहे. महागडंच पाहिजे असं काही नाही, वास नसलेलं साधं क्रीम किंवा साधी पेट्रोलियम जेली चालते. उन्हाळ्यात जेलीने घाम अडून घामोळं येतं, तेव्हा दिवसा हलकं लोशन, रात्री आणि थंडीत जेली. आंघोळ रोज करा, पण कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटं, कडकडीत नको. साबण सौम्य, तोही काख-जांघ-पाय एवढ्यापुरता. डाळीचं पीठ, उटणं, वजरी, पाण्यात अँटिसेप्टिक लिक्विड, हे सगळं या स्किनला नको. दिवाळीत उटण्याचा एक टिळा लावून हौस भागवा. पंच्याने टिपून घ्या, चोळू नका, आणि अंग ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांत, मॉइश्चरायझर लावा. स्टेरॉइडचं मलम आणि हे यात पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ठेवा. तेलाचं विचाराल तर खोबरेल तेल चालतं, पण मोहरीचं आणि ऑलिव्ह तेल अशा स्किनला त्रास देऊ शकतं, ते टाळा.

खाण्याबद्दल माझं मत ठाम आहे. दूध, अंडी, शेंगदाणे, वांगं, आंबट, सगळं बंद केलेली मुलं येतात, वजन वाढलेलं नसतं, चेहरा मलूल, आणि एक्झिमा जसाच्या तसा. एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, उलट्या, असं झालं असेल तर ती खरी फूड अ‍ॅलर्जी असू शकते आणि ती तज्ज्ञांकडे तपासायची. खूप तीव्र एक्झिमा असलेल्या अगदी लहान बाळांत हे जास्त बघावं लागतं. पण तुमची मुलगी अंडं खाते आणि काही होत नाही, तर बंद करू नका. उलट चालणारा पदार्थ बरेच महिने बंद ठेवून परत सुरू केला तर तेव्हा खरी अ‍ॅलर्जी उमटू शकते, हे घडलेलं आहे. शंभर पदार्थांचं रक्ताचं पॅनेल तर अजिबात करू नका, त्यात खोटे पॉझिटिव्ह इतके येतात की घरात शिजवायला काही उरत नाही. सासूबाईंना दोष देऊ नका, नातीची काळजी आहे म्हणूनच बोलतात त्या, पुढच्या वेळी त्यांनाही डॉक्टरांकडे घेऊन जा, समोर बसून ऐकलं की पटतं.

"मलमाने दाबलं की आत जाऊन दमा होतो" हेही कुणीतरी सांगेलच. एक्झिमा असलेल्या काही मुलांना पुढे दमा किंवा नाकाची अ‍ॅलर्जी होते हे खरं, पण ते एकाच प्रकृतीचे वेगवेगळ्या वेळी दिसणारे भाग आहेत, मलमाने ढकलून आत जात काही नाही. लसी सगळ्या वेळेवर द्या. खाजेसाठी सिरप देतात त्याचा एक्झिमाच्या खाजेवर फारसा परिणाम होत नाही, झोप आणणारं असेल तर थोड्या रात्री उपयोग होतो, बस.

दोन वेळा मात्र थांबू नका. चट्टे ओले होऊन पिवळ्या खपल्या धरल्या, दुखायला लागलं, तर स्टॅफ जंतूंचं इन्फेक्शन आहे, एक-दोन दिवसांत दाखवा. आणि अचानक सारख्या आकाराचे पाण्याचे फोड किंवा टोचून काढल्यासारख्या गोल जखमा भराभर पसरल्या, ताप आला, मूल मलूल झालं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी हॉस्पिटल. हा हर्पीस व्हायरसचा (ओठावर तापाचे फोड आणणारा तोच) संसर्ग असू शकतो, वेळेत असायक्लोविर हे त्यावरचं औषध दिलं तर आटोक्यात येतो, डोळ्याजवळ असेल तर अजून घाई. म्हणूनच ओठावर तापाचे फोड आलेल्या माणसाने एक्झिमावाल्या बाळाचे पापे घेऊ नयेत.

आता मिस्टरांचे हात. त्यांना एकच प्रश्न विचारा, मोठ्या सुट्टीत, दिवाळीला किंवा गावी आठ-दहा दिवस गेल्यावर हात सुधारतात का? हो असेल तर कामाचं कारण जवळजवळ नक्की. सीएनसीवर हात दिवसभर कूलंटने (मशीन थंड ठेवणारं तेलकट पाणी) ओले, त्यात जंतुनाशकं असतात, बारीक बर (धातूचे धारदार कण) हातात घुसते, कॉटन वेस्टने पुसताना तीच बर अजून घासली जाते, आणि शिफ्ट संपली की ग्रीस काढायला डिटर्जंट पावडर, नाहीतर थिनर. बऱ्याचदा कूलंटपेक्षा हे हात धुणंच जास्त नुकसान करतं. थिनर आणि पावडर पूर्ण बंद, सौम्य लिक्विड, आणि प्रत्येक वेळी धुतल्यावर क्रीम, त्यासाठी एक डबी लॉकरमध्येच ठेवायला सांगा. जॉब साफ करताना, टाकी भरताना ग्लोव्हज घालायचे, पण स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) फिरत असताना ग्लोव्हज कधीच नाही, ओढला जाऊन बोटं जातात, स्किनसाठी तो धोका घेऊ नका. एकाच हाताला आहे आणि दोन्ही पायांना पण आहे असं असेल तर बुरशी तपासा. जाड खवले, कोपर-गुडघ्यांवर बाहेरून पण चट्टे, तर सोरायसिस. हे सगळं सोडून उरलं आणि बरं होत नाही तर पॅच टेस्ट: पाठीवर संशयित पदार्थांचे छोटे ठिपके चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि परत चौथ्या दिवशी बघतात. कोबाल्ट, निकेल, क्रोमियम, कूलंटमधलं प्रिझर्व्हेटिव्ह, नक्की काय ते कळतं. मेडिकल कॉलेजच्या स्किन विभागात सहसा होते.

तळहाताची स्किन इतकी जाड की तिथे क्लोबेटासॉल दोन ते चार आठवडे द्यायला डॉक्टर मागेपुढे बघत नाहीत आणि ते बरोबरच आहे. म्हणूनच घरात ट्यूब एकमेकांच्या वापरू नका. बाबांच्या हाताला योग्य असलेली तीच ट्यूब मुलीच्या गालावर नुकसान करते. ट्यूबवर मार्करने नाव आणि जागा लिहून ठेवा, "बाबा-तळहात", "पिल्लू-कोपर", "पिल्लू-चेहरा", इतकं सरळ.

मोठ्यांच्या बाबतीत अजून थोडं, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाला लागू पडेल. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं यांचीच टोकं फुटतात तर लसूण सोलण्याकडे बघा. शेतकऱ्याच्या पापण्या, मान, कोपराच्या घड्या पावसाळ्यात भडकतात तर गाजरगवत, ते 1950च्या दशकात पुण्याच्या आसपास पहिल्यांदा आढळलं आणि आज कुठल्या बांधावर नाही असं नाही. गुडघेदुखीवर बिब्बा लावून उतलेले (फोड येऊन भाजल्यासारखे झालेले) लोक तर अजून येतात. आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अंगभर खाजरा एक्झिमा आला तर नुसती मलमं बदलत बसू नका, बायॉप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणं) लागू शकते, कधीकधी त्यामागे त्वचेचा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, असतो.

मलमं योग्य मापात लावूनही आटोक्यात येत नसेल तर पुढे बरंच काही आहे: नॅरोबँड यूव्हीबी लाइट (मशीनखाली द्यायचे ठराविक किरण), प्रतिकारयंत्रणा शांत करणारी सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट ही औषधं, आणि 2017 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं डुपिल्युमॅब इंजेक्शन, जे आता तिथे सहा महिन्यांवरच्या बाळांनाही देतात, पण महाग आहे. जॅक इनहिबिटर नावाच्या, प्रतिकारयंत्रणेचा भडका दाबणाऱ्या गोळ्या मोठ्यांमध्ये वापरल्या जातात, त्याआधी टीबीची तपासणी आपल्याकडे तरी चुकवायची नाही. नको ते एकच, दर वेळी भडकलं की स्टेरॉइडची गोळी किंवा कमरेत सुई. दोन आठवडे स्वर्ग आणि नंतर आधीपेक्षा जोरात परत.

मुलीचं कायमचं आहे का, हे विचारलंत. बऱ्याच मुलांचं शाळेच्या वयात खूप कमी होतं, काहींचं जातं, काहींची स्किन नाजूक राहते आणि पुढे पाण्यात-केमिकलमध्ये काम केलं की हातांवर येतं. तुमच्या मुलीचं काय होईल हे आज मला किंवा कुणालाच सांगता येणार नाही, पण तिला रात्री शांत झोप लागणं हे या महिन्यातच शक्य आहे आणि ते आधी करू.

डॉक्टरांकडे जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूब, संपलेल्या पण, पिशवीत घालून न्या, भडकलेलं असतानाचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून ठेवा, आणि उठायच्या आधी हे विचारून लिहून घ्या: कोणतं मलम कोणत्या जागेला, किती रेघा, कधी थांबवायचं, परत आलं तर लगेच काय सुरू करायचं. आत्ता जे मलम आहे त्याचं नाव आणि टक्केवारी इथे लिहिलीत तर ते कितपत स्ट्राँग आहे ते मी सांगेन.